भयपटाचा ट्रेलर: अडीच मिनिटांच्या मालाची पारख

'द कॉन्ज्युरिंग'चा 2013 सालचा टीझर, म्हणजे मुख्य ट्रेलरआधी येणारी छोटी झलक, आजही या प्रकारातला सगळ्यात चोख माल आहे. पाहून झाल्यावर लक्षात राहतात ते फक्त दोन हात आणि एक टाळी. अलौकिक भयपटांचे ट्रेलर पारखायचे असतील तर सुरुवात याच टीझरपासून करावी. नेहमीच्या बहुतेक युक्त्या यात आहेत, आणि प्रत्येकीला तिथे असण्याचं कारण आहे.

यात घडतं ते असं. आईच्या डोळ्यांवर पट्टी, मुली लपलेल्या, आणि खेळाचा नियम सोपा: शोधणाऱ्यानं टाळी मागायची, लपलेल्यानं ती वाजवायची. आई चाचपडत एका खोलीत येते, टाळी मागते. मागचं कपाट उघडतं, आतून दोन हात बाहेर येतात आणि टाळी वाजवून आत जातात. आई खूश होऊन कपाटाकडे वळते, आणि मुलगी भलत्याच खोलीतून येते. मग रात्र, तळघर, काडेपेटी. काडीचा उजेड जेमतेम तोंडापुरता. आणि मघाचीच टाळी, आता थेट कानाशी.

पहिल्या भागात प्रेक्षकाला एक नियम शिकवला: टाळी वाजली म्हणजे तिथे कुणीतरी आहे. दुसऱ्या भागात तोच नियम अंधारात त्याच्यावर उलटवला. त्यामुळे शेवटची टाळी वाजण्याआधीच प्रेक्षक तिची वाट बघत बसलेला असतो, आणि ती कुठून येईल एवढंच त्याला ठाऊक नसतं. शिवाय धक्क्याचा आवाज दृश्यातलाच आहे, बाहेरून चिकटवलेला नाही. टाळी हा अगदी टोकदार आवाज. शून्यातून शिखरावर जायला तिला क्षणाचाही वेळ लागत नाही, आणि माणूस दचकतो तो नेमका अशाच आवाजाला.

हीच बांधणी 2016 च्या 'लाइट्स आउट'च्या ट्रेलरमध्ये आहे. दिवा बंद केला की आकृती दिसते, लावला की जाते. बटण दोन-तीनदा खालीवर झालं की नियम पक्का होतो, आणि मग पुढच्या वेळी दिवा मालवला की आकृती जवळ आलेली असते. 2017 च्या 'इट'च्या पहिल्या टीझरमध्ये बटणाची जागा स्लाइड प्रोजेक्टरनं घेतली. प्रत्येक खटक्याला घरच्या फोटोंपैकी एक समोर येतो, मग खटके आपोआप पडू लागतात, वेग वाढतो आणि फोटोतल्या बाईच्या तोंडावरचे केस हलायला लागतात. पहिल्या 24 तासांत 19 कोटी 70 लाख वेळा पाहिला गेल्याचा विक्रम तेव्हा या टीझरच्या नावावर जमा झाला. टाळी, बटण, खटका: तिन्ही आवाज साधे, घरगुती, आणि तिन्हींत ताल आहे. संकलकाला ताल मिळाला की अर्धं काम झालं, कारण मग शांतता किती वेळ ताणायची हे प्रेक्षकाचा कानच ठरवतो. तालातला एक ठोका गाळला तरी अंगावर काटा येतो.

आता बाजारात भरून असलेला सरासरी माल बघू. त्याचा साचा इतका पक्का झालाय की घड्याळ लावून सांगता येतो. पहिली 30-40 सेकंदं गाडी नव्या घराकडे निघालेली, खोकी उतरवताहेत, धाकट्या मुलाला माळ्यावर काहीतरी सापडतं. मग मिनिटभर खुणा: झोपाळा आपोआप हलतो, चेंडू जिन्यावरून गडगडत येतो, मुलाच्या चित्रात घरच्यांसोबत एक जास्तीची काळी आकृती. साधारण 1:15 च्या आसपास जाणकार माणूस दारात उभा: पाद्री, प्रोफेसर, नाहीतर टेपरेकॉर्डर घेऊन आलेला संशोधक. तो एका वाक्यात सगळी गोम सांगून टाकतो. घराचा काही दोष नाही, ते तुमच्या मुलीच्या मागे आहे, अशा धर्तीचं ते वाक्य असतं. मग तुकड्यांचा मारा, कुणालातरी पाय धरून चौकटीबाहेर ओढतात, कुणी छताला चिकटतं, हाडं मोडल्यासारखे आवाज, काळा पडदा, नाव. नावानंतर आणखी पाच-सात सेकंदांचा एक शेवटचा डंख. त्याला स्टिंगर म्हणतात.

या साच्यात सगळ्यात निरुपयोगी झालेला भाग म्हणजे हा स्टिंगर. एके काळी चित्रपटाचं नाव पडद्यावर आलं की प्रेक्षक सैल व्हायचा आणि तिथेच त्याला गाठता यायचं. आता नाव आलं की सगळे उलट सावरून बसतात. अजूनही स्टिंगर चालतो, पण त्यात जागा बदलावी लागते. एक मार्ग म्हणजे डंखाची सगळी तयारी करायची, धक्का द्यायचाच नाही आणि तारीख दाखवून थांबायचं. दुसरा म्हणजे धक्का नावाच्या आधी, अक्षरं पडद्यावर उमटत असतानाच द्यायचा. दोन्ही मार्ग क्वचितच वापरले जातात, कारण स्टुडिओला चाचणी प्रयोगात किंकाळी ऐकू यायला हवी असते.

लांबीचंही तसंच. अमेरिकेतल्या चित्रपटगृह मालकांच्या संघटनेनं जानेवारी 2014 मध्ये ट्रेलर दोन मिनिटांचेच असावेत आणि प्रदर्शनाच्या 150 दिवसांहून आधी दाखवू नयेत, अशी मार्गदर्शक सूचना काढली. ती ऐच्छिक असल्यानं बरेच ट्रेलर अडीच मिनिटांपर्यंत जातातच. भयपटासाठी दोन मिनिटंदेखील पुष्कळ होतात. तिसरा मोठा धक्का दिला की पहिल्या दोघांची धार गेलीच.

खरी कारागिरी आवाजात असते, आणि मालातला फरकही तिथेच कळतो. चित्रपटगृहात ट्रेलर किती मोठ्यानं वाजावा यावर अमेरिकेत 'टासा' या संस्थेची मर्यादा आहे: एलईक्यू-एम या पद्धतीनं मोजलेला 85 डेसिबल. गंमत अशी की ही मर्यादा पूर्ण ट्रेलरच्या सरासरीवर आहे. म्हणजे पहिला दीड मिनिट कुजबुज, श्वास आणि फळीची करकर यांवर भागवलं, तर शेवटच्या 40 सेकंदांत आवाज भरपूर चढवायची मुभा मिळते. भयपटांचे ट्रेलर अर्ध्याहून जास्त वेळ इतके शांत का असतात, याचं एक कारण हे गणितही आहे. ज्या संकलकाला हे नीट वापरता येतं तो शांतता साठवून ठेवतो. ज्याला येत नाही तो सुरुवातीपासून खालच्या पट्टीतली घरघर चालू ठेवतो, आणि मग शेवटी चढायला जागाच उरत नाही.

धक्क्याच्या आधी रायझर येतो, म्हणजे चढत जाणारा सूर. तो कधी व्हायोलिनच्या तारा घासून केलेला असतो, कधी उलटा वाजवलेला झांजेचा आवाज, कधी वॉटरफोन. वॉटरफोन म्हणजे धातूच्या दांड्या लावलेलं, तळाशी पाणी भरलेलं धातूचं भांडं. दांड्यांवर गज फिरवला की पाणी हिंदकळतं आणि सूर डगमगतो. रिचर्ड वॉटर्स यांनी ते बनवलं, आणि भयपटांच्या संगीतात ते इतकं वाजलं की नाव माहीत नसलेल्यांनाही त्याचा आवाज ओळखीचा असतो. रायझर शिखरावर गेला की तो तोडायचा, निखळ शांतता ठेवायची आणि मग घाव घालायचा. ही शांतता साधारण 12 ते 20 फ्रेमची (सेकंदात 24 फ्रेम, म्हणजे सुटी चित्रं). याहून कमी ठेवली तर कान मोकळा होत नाही. फार जास्त ठेवली तर प्रेक्षक श्वास सोडतो आणि सावरतो.

इथे सर्रास होणारी चूक म्हणजे त्या शांततेत बारीकसारीक आवाज राहू देणं. मोठ्या आवाजाच्या अगदी आधी, सेकंदाच्या दहाव्या हिश्शाइतकं आधी, एखादा हलका आवाज कानावर पडला तर माणसाचं दचकणं कमी होतं. हा मज्जासंस्थेचाच गुण आहे आणि प्रयोगशाळेत पुन्हापुन्हा मोजला गेलेला आहे. तरीही किती ट्रेलरांत धक्क्याच्या तीन फ्रेम आधी दाराची कडी वाजते किंवा पात्र उसासा टाकतं! ज्याला धक्का द्यायचा त्यालाच आधी खाकरून सूचना दिल्यासारखं होतं ते. घाव आणि कट, म्हणजे दृश्य बदलणं, एकाच फ्रेमवर बसायला हवेत. चार फ्रेम इकडेतिकडे झाल्या तर डोळा आणि कान वेगवेगळे दचकतात, म्हणजे कुणीच नीट दचकत नाही.

आणि नुसत्या आवाजावर विसंबलं की काय होतं, त्याचं उदाहरण 'द नन'ची 2018 मधली यूट्यूबवरची छोटी जाहिरात. पडद्यावर काळोख, त्यात फोनवर दिसतं तसं आवाजाचं चिन्ह, आवाज कमी होत गेल्यासारखं दाखवतं, आणि क्षणात नन किंचाळत समोर. दुसराच काही व्हिडिओ बघायला बसलेल्यांपुढे ती जाहिरात येत होती. धक्कादायक आशयाच्या धोरणात बसत नाही म्हणून यूट्यूबनं ती काढून टाकली. बसलेला माणूस दचकला हे खरं, पण त्याला चित्रपटाबद्दल काहीच कळलं नाही. आमच्या हिशेबी ट्रेलर म्हणून ती सपशेल नापास.

संथ केलेल्या गाण्याबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण या युक्तीवर आता सरसकट नाक मुरडलं जातं. जुनं उडतं गाणं किंवा बडबडगीत घ्यायचं, वेग चतुर्थांशानं तरी खाली आणायचा, तालवाद्यं काढायची, एकट्या बाईचा किंवा मुलांचा आवाज ठेवायचा, त्याला रिकाम्या हॉलसारखा घुमारा द्यायचा. कृती एवढीच, आणि स्वस्तही. 2019 च्या 'अस'च्या ट्रेलरमध्ये लुनिझ या जोडीचं 'आय गॉट फाइव्ह ऑन इट' असंच वापरलं होतं, पण तिथे ते सुरुवातीला गाडीत मूळ रूपात वाजतं. घरचे त्यावर चुटक्या वाजवतात. पुढे तेच सूर तुटक, खर्जात परत येतात. ओळखीचं परकं होतं, आणि चित्रपट तर माणसाच्या ओळखीच्याच प्रतिरूपांबद्दल आहे. तिथे युक्ती विषयातून आली. जिथे गाण्याचा कथेशी काही संबंध नाही, तिथे पाळण्यातलं गाणं ऐकू येताच ट्रेलर पुढे ढकलला तरी काही हुकत नाही.

भूत दाखवायचं किती, यावर अजून एकमत नाही. बहुतेक ट्रेलर कापले जातात तेव्हा चित्रपटाचं व्हीएफएक्सचं, म्हणजे संगणकावरच्या दृश्यकरामतींचं, काम पुरं झालेलं नसतं. ट्रेलर बनवणारी कंपनी वेगळी असते, तिच्या हाती कच्च्या चित्रीकरणाचे तुकडे येतात आणि भुताच्या जागी कधी नुसता हिरवा पोशाख घातलेला माणूस असतो. या अडचणीतून चांगली सवय लागली: भूत टाळून ते पाहणाऱ्याचा चेहरा दाखवायचा. 2024 च्या 'लाँगलेग्ज'च्या प्रचारात तर निकोलस केजसारख्या माणसाचा चेहराच झाकून ठेवला. लोकांना त्याचा आवाज ऐकू आला, हनुवटीचा तुकडा दिसला, बाकीचं तिकीट काढून पाहा असं सरळ सांगणं. हा निर्णय धाडसाचा होता आणि तो योग्यच होता.

याचं मूळ बरंच मागे जातं. 1980 च्या 'द शायनिंग'चा ट्रेलर जवळपास एकाच दृश्याचा आहे. हॉटेलच्या लिफ्टची बंद दारं, कॅमेरा हलत नाही, नावं वर सरकत जातात, संगीत चिरकत वाढतं आणि दारांच्या फटीतून रक्ताचा लोंढा येतो. गोष्ट नाही, पात्रं नाहीत, संवाद नाही. आज एखाद्या निर्मात्यासमोर असा ट्रेलर ठेवला तर तो तीन धक्के आणि एक पाद्री घालायला सांगेल.

प्रेक्षकांच्या प्रतिक्रिया दाखवायची युक्ती 'पॅरानॉर्मल ॲक्टिव्हिटी'नं 2009 मध्ये गाजवली. सुमारे 15 हजार डॉलरमध्ये बनलेल्या चित्रपटाकडे दाखवायला भव्य असं काही नव्हतं, म्हणून चाचणी खेळाला आलेल्या लोकांना रात्रीच्या कॅमेऱ्यानं टिपलं आणि त्यांच्या उड्या, त्यांच्या किंकाळ्या हाच ट्रेलर केला. आमच्या गावात चित्रपट आणा अशी मागणी नोंदवायची सोयही सोबत होती. तेव्हा ते अस्सल वाटलं. नंतरच्यांनी तीच हिरवट चित्रं उचलली, पण त्यात माणसं आधीच कॅमेऱ्याकडे बघून घाबरायला लागली, आणि तिथे युक्ती मेली.

'सत्य घटनेवर आधारित' या पाटीला किती किंमत द्यावी? गाव, साल आणि कुटुंब दिलं असेल तर थोडी द्यावी. 'द कॉन्ज्युरिंग'नं ऱ्होड आयलंडमधलं हॅरिसव्हिल, 1971 साल आणि पेरॉन कुटुंब इतकं नेमकं धरलं, त्यामुळे जुन्या घराचा भाग म्हणून पाटी शोभून दिसली. नुसतीच पाटी असेल तर ती दोन सेकंदं वाया गेली असं समजावं.

चित्राच्या बाजूनं सगळ्यात मोठी तक्रार फोनवरच्या अंधाराची आहे. ट्रेलर कापला जातो तो काळ्या भिंतींच्या खोलीत, नीट जुळवलेल्या मोठ्या पडद्यावर. तिथे कोपऱ्यातल्या काळोखात उभी असलेली आकृती दिसते. इंटरनेटवर चढवताना फाइल दाबून लहान केली जाते आणि दाबण्याचा पहिला बळी गडद रंगांच्या छटा असतात. सलग काळोखाचे चौकोनी ठोकळे होतात, आकृती त्यात विरघळते. मग ट्रेलर पाहणाऱ्याला कळतच नाही की पात्र कुणाकडे बघून थिजलंय. हुशार मंडळी यासाठी इंटरनेटची प्रत वेगळी रंगवतात, आकृतीच्या कडेला हलकासा उजेड देतात. आवाजाचंही तेच. फोनच्या इवल्या स्पीकरमधून खर्जातला धडाका निघतच नाही. त्यावर वरच्या पट्टीतला एखादा आवाज, लाकूड तडकल्यासारखा, जोडला नसेल तर घाव पोकळ जातो. त्यातच यूट्यूब साधारण उणे 14 एलयूएफएसपेक्षा (हे आवाजाच्या सरासरी पातळीचं माप) मोठा आवाज खाली ओढतं, हळू आवाज मात्र वर नेत नाही. कुजबुज ऐकू न येणारा आणि किंकाळी बसकी झालेला ट्रेलर दिसला, तर दोष दर वेळी संकलकाचा नसतो.

चुकीच्या ठिकाणी लागलेला ट्रेलर ही वेगळीच आपत्ती. एप्रिल 2018 मध्ये ऑस्ट्रेलियात पर्थजवळच्या एका चित्रपटगृहात 'पीटर रॅबिट' या मुलांच्या चित्रपटाआधी 'हेरेडिटरी'चा ट्रेलर लागला आणि आईबाप पोरांचे डोळे-कान झाकत बाहेर पळाले. आपल्याकडे चित्रपटगृहातल्या ट्रेलरला सेन्सॉरचं स्वतःचं प्रमाणपत्र लागतं आणि ते पडद्यावर आधी दिसतं. लहान मुलं सोबत असतील तर त्या पाटीकडे लक्ष ठेवावं. यूट्यूबवरच्या प्रतीला ते लागत नाही, म्हणून एकाच चित्रपटाचे दोन वेगळे ट्रेलर फिरताना दिसतात आणि ऑनलाइन सहसा जास्त तिखट असतो.

मराठी प्रेक्षकाच्या दृष्टीनं यातलं काय उपयोगाचं? 'लपाछपी' (2017) या विशाल फुरिया यांच्या चित्रपटाचं बळ उसाच्या फडात आहे. चोहोबाजूंनी माणसाहून उंच ऊस, दहा पावलांवरचं दिसत नाही, आणि पात्यांची सळसळ थांबत नाही. ट्रेलरवाल्याला रायझर विकत आणायची गरजच नाही, तो शेतातच वाजतोय. राही अनिल बर्वे यांच्या 'तुंबाड'मध्ये (2018) हेच काम कोकणातला पाऊस आणि पडका वाडा करतात. दोन्ही ठिकाणी जागेचा आवाज हाताशी आहे. असं असताना मराठी-हिंदी भयपटांच्या ट्रेलरवर बाहेरच्या ध्वनिसंचातले तेच ते धडाके लावले जातात तेव्हा वाईट वाटतं. रहाटाची कुरकुर, वाळवणावर पडलेला पहिला थेंब, लाकडी जिन्याच्या तिसऱ्या पायरीचा आवाज, देवघरातली घंटा नको त्या वेळी वाजणं, हे सगळं आपल्या कानांना आधीच माहीत आहे. नियम शिकवायला वेळही लागणार नाही.

आपल्या ट्रेलरांचं दुसरं दुखणं म्हणजे संवादांचा भरणा. आजी दंतकथा पूर्ण सांगते, मांत्रिक उपाय सांगतो, नायक न घाबरण्याचं कारण सांगतो, आणि मागे संस्कृत मंत्रांचा गजर चालूच. मंत्र आणि संवाद एकाच पट्टीत असले की दोन्ही कळत नाहीत. गाण्याची झलक टाकली की उरलेला ताणही जातो. 'मुंज्या'सारख्या (2024) भय-विनोदी चित्रपटाला हे चालून जातं, तिथे मुंज्या हे एक पात्रच आहे, त्याला आधी दाखवणं भाग आहे. निव्वळ भयपटानं मात्र आजीला अर्ध्या वाक्यात थांबवावं.

पाहणाऱ्यांसाठी एवढं: ट्रेलर 1080पी किंवा त्यावरच्या दर्जात, खोलीतले दिवे घालवून, इअरफोननं पाहा. आवाज मध्यावर ठेवा आणि सुरुवातीची कुजबुज ऐकू येत नाही म्हणून वाढवू नका, पुढच्या मिनिटात कानाला त्रास होईल. ऑनलाइन प्रतीच्या सुरुवातीला चार-पाच सेकंदांत सगळे धक्के भराभर दाखवणारा तुकडा असतो, तो वगळून पुढे जा, नाहीतर शिकवण्याआधीच नियम मोडलेला दिसतो. चित्रपट पाहायचं नक्की असेल तर जाणकार माणूस दारात आला की थांबा. त्याच्या वाक्यानंतर येणाऱ्या तुकड्यांत शेवटच्या अर्ध्या तासातली दृश्यं असतात, आणि संकलकानं त्यांचा क्रम उलटसुलट केला तरी कोण कुठल्या अंगणात, कुठल्या कपड्यांत धावतंय यावरून शेवटपर्यंत कोण टिकतं हे सहज कळतं. टीझर आणि ट्रेलर दोन्ही आले असतील तर टीझर पाहा, तेवढा पुरतो.